युद्ध, मरणारी माणसं आणि न पेटू शकलेली युद्धं: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इतिहास शिकवतो. नागपुरातल्या शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत, कधी कामठीकडे माजी सैनिकांच्या बैठकीत युद्धाबद्दल बोलायला जातो. बोलणं संपलं की हात वर होतात आणि तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात. ते इथे एकत्र केले आहेत, बहुतेक ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत.

युक्रेन, गाझा, सुदान कुठे आणि नागपूर कुठे! आपल्याला काय करायचं जी?

आपलं शहर दारूगोळ्याच्या पट्ट्यात वसलेलं आहे. शहरातच अंबाझरीची आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, वर्धा जिल्ह्यात पुलगावचं भांडार, शिवाय अमरावती रोडवरचे स्फोटकांचे खासगी कारखाने. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या भांडारात आग लागली आणि अधिकारी, जवान, अग्निशमन कर्मचारी मिळून 16 हून अधिक माणसं गेली. 17 डिसेंबर 2023 ला बाजारगावच्या कारखान्यात स्फोट झाला. 9 कामगार मेले, त्यांतल्या 6 बाया होत्या. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरला 8 कामगार गेले. या कारखान्यांतलं सगळंच स्फोटक युद्धासाठी नसतं, खाणींसाठीही बनतं, हे खरं. पण जगात शस्त्रांची मागणी वाढली की काम वाढतं, पाळ्या वाढतात, आणि आसपासच्या गावांतली पोरं-पोरी त्या पाळ्यांवर जातात. गोळी सीमेवर पोचायच्या आधी कुणाच्या तरी हाताखालून जाते. त्या हातांची नोंद युद्धाच्या हिशेबात कुठेच होत नाही.

2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा सूर्यफुलाचं तेल भडकलं, जगभर खतांचे भाव चढले, मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. विदर्भातली मेडिकलची मुलं तळघरात बसून घरी फोन करत होती. 1 मार्चला खारकीवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी खायला काही आणायला रांगेत उभा असताना मारला गेला. तेव्हा लांबचं युद्ध असं काही मला तरी दिसत नाही.

युद्धात नक्की किती माणसं मरतात? आणि मोजतं कोण?

या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देतो, कारण बातमीतला आकडा वाचायचा कसा हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

एक मोजणी नावानिशी होते: नाव, वय, कुठे गेला, कशानं गेला. ती पक्की असते, पण नेहमी कमी भरते, कारण ढिगाऱ्याखालच्या माणसाची नोंद करायला जिवंत नातेवाईक लागतो. दुसरी मोजणी अंदाजानं होते, वेगवेगळ्या याद्या ताडून पाहून. सीरियाचं घ्या. 2014 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं तिथली मोजणी थांबवली, कारण माहिती पडताळता येईना. पुढे 2022 मध्ये त्यांनीच अंदाज मांडला: मार्च 2011 ते मार्च 2021 या दहा वर्षांत 3,06,887 नागरिक मेले. म्हणजे दहा वर्षं रोज ऐंशीच्या वर. त्यांतले नावानिशी नोंदलेले निम्म्याहून कमी.

यात फक्त बॉम्ब-गोळीनं मेलेले आहेत. प्यायला चांगलं पाणी न मिळाल्यानं, औषध न मिळाल्यानं, बाळंतपणात रक्त न मिळाल्यानं गेलेले यात नाहीत. येमेनबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज होता की 2021 च्या अखेरपर्यंत 3 लाख 77 हजार माणसं गेली, आणि त्यांतली सुमारे 60 टक्के भूक, रोगराई, उपचारांचा अभाव अशा कारणांनी. अशा मरणाला जबाबदार धरायला समोर कुणी सैनिक नसतो, म्हणून त्याचा खटलाही उभा राहत नाही.

आपल्याच इतिहासात बघा. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेचे सुमारे 87 हजार जवान मेले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात मेले सुमारे 30 लाख. ब्रह्मदेशातला तांदूळ बंद झाला होता, जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनं बंगालच्या होड्या ताब्यात घेतल्या होत्या, महागाई आकाशाला भिडली होती. बंगालमध्ये रणांगण नव्हतं म्हणून त्यांना आपण युद्धात मेलेले म्हणत नाही. माझ्या मते म्हणायला हवं.

आता मरणाऱ्यांत 90 टक्के सामान्य नागरिक असतात, हे खरं का?

सगळ्या युद्धांना लावायला हा आकडा बरोबर नाही, आणि तो तसा फिरवू नये. दाट वस्तीत स्फोटक शस्त्रं वापरली की मेलेल्या-जखमी झालेल्यांत सुमारे 90 टक्के नागरिक असतात, एवढं वारंवार आढळलं आहे. युद्धागणिक प्रमाण बदलतं. खंदकांच्या लढाईत सैनिक जास्त मरतात, शहराच्या लढाईत रहिवासी. आणि हल्लीच्या लढाया शहरांत होतात: अलेप्पो, मोसुल, मारियुपोल, गाझा, खार्तुम.

शस्त्रं इतकी अचूक झाली म्हणतात. मग दवाखान्यावर बॉम्ब काऊन पडतो?

अफगाणिस्तानातल्या कुंदूझचं उदाहरण मी नेहमी देतो. तिथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेचं अपघात-रुग्णालय होतं. त्यांनी आपल्या इमारतीचे अक्षांश-रेखांश आधीच सगळ्या लढणाऱ्या पक्षांना कळवले होते. 3 ऑक्टोबर 2015 च्या रात्री अमेरिकेच्या विमानानं त्याच इमारतीवर मारा केला. हल्ला सुरू असताना रुग्णालयातले लोक फोन करून सांगत होते, थांबवा. 42 जण गेले: रुग्ण, त्यांच्यासोबतचे नातेवाईक, डॉक्टर, नर्स. शस्त्र नेम धरलेल्या जागीच लागलं. नेम कुठे धरायचा हे ठरवणाऱ्या माणसांची आणि यंत्रणेची चूक शस्त्राच्या अचूकतेनं भरून निघत नाही.

त्यानंतर सातच महिन्यांनी, 3 मे 2016 ला, सुरक्षा परिषदेनं दवाखान्यांच्या संरक्षणाचा 2286 क्रमांकाचा ठराव एकमतानं केला. आणि नंतरही सीरियात, येमेनमध्ये, युक्रेनमध्ये, गाझात, सुदानमध्ये दवाखाने पडतच राहिले.

शहरात आणखी एक गोष्ट होते. मेडिकल चौकातल्या आपल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा विचार करा. वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं, टाकीत पाणी चढलं नाही, तर त्या इमारतीला एकही ओरखडा न येता काचपेटीतली बाळं आणि डायलिसिसचे रुग्ण जातील. वीजकेंद्र किंवा जलशुद्धीकरण केंद्र पाडणाऱ्याला हे ठाऊक असतं.

युद्ध संपलं की मरणं थांबतं ना?

नाही. लाओसवर 1964 ते 1973 या काळात अमेरिकेनं 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत क्लस्टर बॉम्बमधले 27 कोटींच्या आसपास छोटे गोळे होते, आणि त्यांतले तीसेक टक्के फुटलेच नाहीत. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. मुठीएवढा, गोल, गंजलेला. शेत नांगरताना फाळाला लागतो, चुलीखालची जमीन तापली की फुटतो, पोरांना चेंडू वाटतो. लढाई थांबल्यावरही 20 हजारांहून जास्त लोक त्यानं मेले किंवा अधू झाले.

आपल्याकडे संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 मध्ये सीमेवर फौजा उभ्या राहिल्या आणि मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले. युद्ध झालंच नाही. तरी ते पेरताना आणि काढताना जवान गेले, शेतकऱ्यांचे पाय गेले. भूसुरुंगबंदीच्या 1997 च्या करारावर भारतानं, पाकिस्ताननं, चीननं, अमेरिकेनं, रशियानं सही केलेली नाही.

जवानांच्या मनावरच्या जखमांबद्दल मी मुद्दाम थोडंच लिहितो. कामठीच्या बैठकीत त्याबद्दल जे बोललं जातं ते सांगायचा अधिकार त्यांचा आहे.

युद्ध एकाएकी पेटतं, त्याला कोण काय करणार?

या समजुतीशी माझं खरं भांडण आहे. नोंदी उघडून बघा. जवळपास प्रत्येक वेळी कुणीतरी आधी सांगितलेलं असतं, लेखी सांगितलेलं असतं, आणि ज्याला सांगितलं त्याला ते कळलेलंही असतं.

रवांडामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख कॅनडाचे जनरल रोमेओ दॅलेर होते. 11 जानेवारी 1994 ला त्यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली. आतल्या गोटातल्या एका माणसानं त्यांना सांगितलं होतं की शस्त्रं कुठे लपवली आहेत, तुत्सी जमातीच्या माणसांच्या याद्या होत आहेत, आणि 20 मिनिटांत 1,000 माणसं मारण्याची तयारी आहे. छापे घालून शस्त्रं जप्त करतो, असं दॅलेरनी कळवलं. मुख्यालयानं उत्तर दिलं: ते तुमच्या अधिकारात बसत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कत्तल सुरू झाली. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेनं काय केलं, तर सुमारे अडीच हजारांची ती शांतिसेना 270 वर आणायचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत 8 लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बरीचशी कोयत्यानं आणि सोट्यानं. त्यासाठी कुठलंही आधुनिक शस्त्र लागलं नाही. रेडिओवरून नावं घेऊन माणसं हुडकली जात होती.

पुढच्याच वर्षी स्रेब्रेनित्सा. बोस्नियातलं हे गाव संयुक्त राष्ट्रांनी 1993 मध्येच ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं होतं, म्हणून आसपासचे लोक जीव घेऊन तिथे आले. राखायला काहीशे डच सैनिक होते. 11 जुलै 1995 ला गाव पडलं, आणि पुढच्या काही दिवसांत 8,000 हून अधिक पुरुष आणि मुलं मारली गेली. सुरक्षित म्हटल्यामुळे ती माणसं एका जागी जमली होती. हे मला अजून वाचवत नाही.

दोन्ही ठिकाणी माहिती कमी नव्हती. ती माहिती खरी मानली तर खर्च करावा लागला असता, सैनिक पाठवावे लागले असते, कुणाशी तरी वाकडं घ्यावं लागलं असतं. ते नको होतं.

मग संयुक्त राष्ट्रं काय कामाची?

सनद 1945 मध्ये तयार झाली तेव्हाच पाच देशांच्या हाती नकाराधिकार ठेवला गेला. त्यांतला एखादा स्वतः लढत असेल किंवा त्याचा मित्र लढत असेल, तर सुरक्षा परिषदेचे हात बांधले जातात. 25 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवरचा ठराव रशियानं अडवला. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेनं पुन्हा पुन्हा अडवले. एप्रिल 2022 पासून नवा नियम आला की नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत महासभेत चर्चा व्हायला हवी. त्यामुळे निदान कारण सांगावं लागतं. एवढंच.

पण आपण भारतीयांनी इथे एक गोष्ट मनाशी मान्य करावी. डिसेंबर 1971 मध्ये सुरक्षा परिषदेतले युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत संघानं आपल्यासाठी अडवले होते, आणि तेव्हा आपल्याला ते बरोबर वाटलं. मला आजही वाटतं. कारण त्याआधीचे आठ महिने कुणी काही केलं नव्हतं. 25 मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली. 6 एप्रिलला अमेरिकेचे तिथले वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी सहकाऱ्यांसह आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. पण चीनशी गुप्त बोलणी चालली होती पाकिस्तानमार्फत, म्हणून तिथले लष्करशहा याह्या खान दुखवायचे नव्हते. सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून आपल्याकडे आले. युद्ध टाळायची वेळ एप्रिलमध्ये होती, डिसेंबरमध्ये नव्हती.

पैशाचंही सांगतो. 2024 मध्ये जगाचा लष्करी खर्च 2,718 अब्ज डॉलर झाला, असं स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेचं गणित आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं 2024-25 चं अंदाजपत्रक होतं 5.6 अब्ज डॉलर. लष्करावरच्या शंभर रुपयांमागे वीस पैसे.

सर, दीक्षाभूमीवर आपण बुद्धाचं नाव घेतो. पण नुसत्या शांतीच्या उपदेशानं युद्ध थांबतं का?

हा प्रश्न एका विद्यार्थिनीनं विचारला, आणि तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी येतो. बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या बुद्धचरित्रात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणं हे नाही. ते कारण म्हणजे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यातला तंटा. सेनापती शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठून विरोध करतो. तो उपदेश करत नाही, उपसूचना मांडतो: दोन माणसं आपली, दोन त्यांची, चौघांनी मिळून पाचवा निवडायचा आणि पाचांनी तंटा मिटवायचा. मतदान होतं. उपसूचना पडते. मग सैन्यभरतीचा ठराव येतो, सिद्धार्थ नकार देतो, आणि घरच्यांवर बहिष्कार नि जमीनजप्तीची धमकी आल्यावर देश सोडतो.

पुढचा भाग लोक विसरतात. तो गेल्यावर शाक्यांत खळबळ माजते, लोक युद्धाविरुद्ध उभे राहतात, बोलणी होतात आणि पाण्याच्या तंट्यांसाठी कायमचं लवाद मंडळ नेमायचं ठरतं. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत युद्ध अडवायला लागतात: सभेत उठून विरोध करणारा माणूस, हातात तयार असलेला दुसरा मार्ग, आणि नंतर मागे न हटणारे लोक. ज्या माणसानं देशाची घटना लिहिली त्यानं बुद्धाच्या तोंडी उपसूचना घातली, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे शस्त्र टाकून द्यायचं? सीमेवरच्या जवानांचा हा अपमान नाही का?

नाही. हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 51 व्या कलमानंच दिला आहे, आणि तो मी मानतो. पहलगामला 22 एप्रिल 2025 ला 26 माणसं मारली गेली. त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून शांतीची प्रवचनं देणारा मी नव्हे. पण मेच्या त्या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी आपलीच सामान्य माणसं, शाळकरी मुलं गेली, आणि टीव्हीवर तेव्हा जल्लोष चालला होता. माजी सैनिकांच्या बैठकीत मी जल्लोष पाहिलेला नाही.

युद्ध टळल्याचं एक तरी उदाहरण सांगा.

बरीच आहेत, फक्त न झालेल्या युद्धाची बातमी होत नाही. डिसेंबर 1978 मध्ये बीगल सामुद्रधुनीतल्या बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली यांच्यात युद्ध काही तासांवर आलं होतं. पोपनी मध्यस्थ पाठवला, बोलणी सहा वर्षं रेंगाळली, आणि 1984 मध्ये करार झाला. नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यातला बाकासी द्वीपकल्पाचा तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 2002 मध्ये निकाल नायजेरियाविरुद्ध लागला आणि 2008 पर्यंत नायजेरियानं ताबा सोडला.

आणि आपलं स्वतःचं. बंगालच्या उपसागरातल्या सीमेवरून बांगलादेशाशी वाद होता. जुलै 2014 मध्ये लवादानं वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी 19,400 हून अधिक बांगलादेशाला दिले. भारतानं तो निकाल मान्य केला. पुढच्या वर्षी 162 छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पण दुसऱ्याच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची, अदलाबदल झाली. इतका मोठा प्रदेश हातचा गेला आणि एक गोळी सुटली नाही. शाळेच्या पुस्तकात हा धडा हवा.

निर्वासित म्हणजे आपल्याकडे कोण?

जरीपटक्यात जाऊन विचारा, आजोबा सिंधमधून काय घेऊन निघाले होते. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याला पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली गावं आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटी 32 लाख लोक असे घरदार सोडून होते. महाराष्ट्राच्या लोकसंख्येएवढे.

युद्धात माणसं वाचवायला आपल्या नागपूरचं कुणी गेलं होतं का?

हो. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा 1938 मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत असतात. ते डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले, अवघे 32 वर्षांचे. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्यांचं नाव नागपुरातल्या मुलांना ठाऊक नसतं, ते ठाऊक व्हावं म्हणून हा प्रश्न इथे ठेवला.

मोबाईलवर येणारे युद्धाचे व्हिडिओ पुढे पाठवावे का?

नको. जुन्या युद्धाचे, दुसऱ्या देशातले, कधी चक्क व्हिडिओ गेममधले तुकडे ताजे म्हणून फिरतात. आणि खरा असला तरी त्यात कुणाचं तरी मेलेलं लेकरू असतं.

रशियात मदतनीस म्हणून नोकरी आहे, दोन लाख पगार आहे, असं एजंट सांगतो. जावं का?

जाऊ नका. मदतनीस, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशा नोकरीच्या नावानं नेलेल्या भारतीय तरुणांकडून भलत्याच भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या आणि त्यांना युक्रेनच्या आघाडीवर धाडलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं तेव्हा अशी 126 प्रकरणं होती. त्यांतले 12 जण मेले होते, 16 बेपत्ता होते. परदेशी नोकरीचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी बघा. कराराची प्रत निघण्यापूर्वी, कळेल अशा भाषेत मागा. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका. आणि पोरगा आधीच गेला असेल, फोन बंद झाला असेल, तर एजंटच्या तारखांवर थांबू नका; जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला पासपोर्ट क्रमांकासह लगेच लिहा.